जांभळा ठिपका

आमच्या भागात डोकी फुटायचे हंगाम असत. पेरणीच्या आधी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पोळ्याला मानावरून, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कशावरूनही, आणि मोहाच्या दारूला तर हंगामाचीही गरज नव्हती. समुद्रपूरहून एसटीनं पाऊण तास गेलं की पिंपळझरी लागतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी औषधं वाटायचो. हुद्दा काहीही असो, लोकांना मी इंगोले कंपाउंडर. माझ्या खिडकीसमोरून वीस वर्षं ही डोकी आत गेली. कुणाचं काठीनं फुटलेलं, कुणाचं कुऱ्हाडीच्या दांड्यानं, कुणाचं बैलबंडीच्या उभारीनं, आणि एकाचं तर सख्ख्या भावानं वरवंट्यानं फोडलेलं. आत गेल्यावर या डोक्यांची पहिली गाठ पडायची ती थूल सिस्टरांशी.

त्या बाईवर लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण मला तिचा राग आहे. अजून आहे. नोकरीत माझ्या नावावर जो डाग लागला तो तिनं लावला, भर कोर्टात, माझ्यासमोर. आणि तरी आयुष्यात भेटलेल्या माणसांत एकाचं नाव घे म्हटलं तर माझ्या तोंडी तिचंच येतं. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

सिस्टर ठेंगण्या होत्या, रुंद मनगटांच्या. पांढऱ्या साडीच्या खांद्याशी पिनेत अडकवलेला बोटभर टॉर्च, आणि चालणं असं की व्हरांड्यातली माणसं आपोआप भिंतीला लागत. डोक्याला मार लागलेला माणूस आला की बाकीचे सगळे रक्ताकडे धावायचे. सिस्टर डोळ्याकडे. डाव्या अंगठ्यानं पापणी वर, उजव्या हातानं टॉर्च बाजूनं आत, एकदा, दोनदा, मग दुसरा डोळा. डोळ्यातली काळी बाहुली उजेड पडला की चटकन आवळली पाहिजे, आणि दोन्ही सारख्या पाहिजेत. कवटीच्या आत रक्त साचायला लागलं की मेंदू दबतो. मग त्या बाजूची बाहुली आधी आळशी होते, मग मोठी होते, आणि शेवटी उजेडाला दाद देत नाही. हे मला पुस्तकातून नाही, त्यांच्याकडून कळलं. "वरचं फुटलं थे शिवता येते, इंगोले भाऊ," त्या म्हणायच्या. "आतलं फुटलं का नाई, हे इथूनच दिसते. माणूस खोटं बोलन, बायको खोटं बोलन, बाहुली नाई बोलत."

डोळ्यानं अंदाज घेणं त्यांना पटत नसे. "मोठी म्हंजे केवढी?" हा त्यांचा प्रश्न डॉक्टरांनाही असे. मोजायला काही साधन आमच्याकडे नव्हतं. मग त्यांनी एक रद्द झालेली एक्स-रेची फिल्म पट्टीसारखी कापली आणि बसस्टँडवरच्या चपला शिवणाऱ्याकडे नेली. चामड्याला भोकं पाडायच्या त्याच्या हत्यारांनी एका ओळीत भोकं पाडून घेतली, दोन मिलिमीटरपासून आठपर्यंत, प्रत्येक भोक फूटपट्टीनं मोजून. तीन भोकं वाकडी आली म्हणून त्याच्याशी भांडून फिल्म पुन्हा कापली. ती पट्टी डोळ्याशेजारी धरायची, कोणतं भोक बाहुलीएवढं ते पाहायचं आणि केसपेपरवर लिहायचं: उजवी तीन, डावी तीन, चटकन. दर दहा मिनिटांनी पुन्हा. नवे आलेले डॉक्टर हसायचे. दोन महिने गेले की तेच विचारायचे, "सिस्टर, पट्टी कुठंय?"

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची यावरून जुंपली. दरसालचा मान एका घराण्याचा, त्या साली दुसऱ्यांनी बैल पुढं घातले. बैल राहिले बाजूला, माणसंच एकमेकांना शिंगावर घेत सुटली. दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अकरा माणसं आली, दोन्ही पार्ट्यांची, एकाच ट्रॉलीत, आणि येता येता ट्रॉलीतही मारामारी चालू होती. एकाचा कान लोंबत होता. एकाच्या डोक्यावरची चामडी उलटून कपाळावर आली होती. व्हरांडा रक्तानं इतका निसरडा झाला की आमची आयाबाई शेवंता दोनदा पडली. आणि बोंबलणं तर विचारूच नका.

सिस्टरांनी अकराही जणांना भिंतीला टेकवून एका रांगेत बसवलं. जो उठला त्याला खांद्यावर हात ठेवून असा दाबला की तो परत बसला. टॉर्च घेऊन त्या एका टोकापासून निघाल्या. चौथा गडी मानाच्या घरचा. रक्तानं डोळे चिकटले होते, तरी तो मागं सरला. "तू हात नोको लावू मले. दुसरं कोनी नाई काय?" सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय. मलाही कळलं, आणि मी खाली पाहिलं, हेही सांगून टाकतो. सिस्टरांनी त्याची मान पकडून भिंतीशी धरली, अंगठ्यानं पापणी उघडली आणि टॉर्च मारत म्हणाल्या, "तुह्या बाहुलीनं नाई विचारली बाप्पा माही जात. पाह्य, कशी झटक्यानं आवळली! चांगला हायेस. बस चूप." आणि पुढं सरकल्या.

रांगेत सगळ्यात शेवटी एक पोरगेलासा माणूस बसला होता. अंगावर रक्ताचा थेंब नाही. सगळ्यांकडे बघून हसत होता, मला म्हणाला, "भाऊ, बिडी हाय काय?" कानाच्या वर फक्त एक सुपारीएवढं टेंगूळ. पहिल्या फेरीत त्याच्या दोन्ही बाहुल्या तीन. दुसऱ्या फेरीत उजवी तीन, डावी चार, आणि डावी आवळायला वेळ लावत होती. तेव्हा तो बिडी मागायचाही विसरला होता, नुसता डुलकत होता. सिस्टर ओरडल्या, "हा पयले! बाकीचे मरत नाई, यालेच न्या!" दवाखान्याच्या गाडीपाशी दोन्ही पार्ट्यांची माणसं आडवी आली; आमचा कान लोंबतोय, आमची चामडी उलटलीय, आणि हा साधा बसलेला आधी काऊन? एकानं सिस्टरांना ढकललं. त्यांनी फिरून त्याच्या तोंडात अशी ठेवून दिली की तो दारावर आपटला. गाडी निघाली. त्या पोराचं वर्ध्याला त्याच दिवशी डोकं उघडलं, रक्त काढलं, वाचला. पुढं तो दर पोळ्याला सिस्टरांना पुरणपोळ्या आणून द्यायचा आणि दर वेळी सिस्टर त्याला उंबऱ्यात उभं करून दोन्ही डोळे तपासूनच डबा घ्यायच्या.

त्यांना ही खोडच होती. समोर कुणीही येवो, आधी डोळ्यात बघणार. भाजीवालीला म्हणायच्या, "तूनं दोन दिवस झोप घेतली नाई." शिपायाला, "आज पेऊन आलास, जाय घरी." एकदा माझी पाळी आली. माझा औषधाचा कोठा अंधारा. त्या आत आल्या, काही तरी मागितलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "इंगोले भाऊ, इतक्या अंधारात तुमच्या बाहुल्या मोहरीएवढ्या काऊन?" खोकल्याच्या औषधाची बाटली मी सहा महिने चोरून पीत होतो, अफूवर्गातलं असतं त्यात. नुसतं खोकल्यापुरतं नाही, सवयच लागली होती. त्यांनी कोठ्यातल्या बाटल्या मोजल्या, कुलपाची एक किल्ली स्वतःकडे ठेवली आणि रोज सकाळी माझ्या बाहुल्या बघायला लागल्या. तीन महिन्यांत माझी सवय सुटली. कुणाला काही कळलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत ते असे.

आता कांताबद्दल सांगतो, नाहीतर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

कांता तिशीतली बाई. माहेर हिंगणीकडचं, बोर धरणाच्या जंगलालगतचं. नवरा दशरथ, गावात किराण्याचं दुकान. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं तुपातलं. पहिल्यांदा तो तिला सायकलवर बसवून घेऊन आला तेव्हा तिच्या भुवईवर चार टाके पडले. "विहिरीच्या पायरीवर पडली जी," ती म्हणाली. "हाव, पायच घसरला," तो म्हणाला. सिस्टरांनी बाहुल्या मोजल्या, सारख्या होत्या. मग तिची बाही वर केली. दोन्ही दंडांवर बोटं उमटली होती. केसपेपरवर त्यांनी लिहिलं, पडले म्हणते. आणि खाली, पडलेल्या माणसाच्या दंडाला बोटं उमटत नाहीत.

वर्षभरात ती तीनदा आली. दर वेळी पडलेली. दर वेळी सिस्टर तिला एकटीला पडद्याआड घेत. "पोरी, बयान दे. मी तुह्यासंगं ठाण्यात येतो." ती मान हलवायची. "लेकरं हायेत, बाई. कुठं जाऊ?" तिसऱ्या खेपेला उजवी बाहुली जराशी सुस्त होती. दोन दिवस ठेवून घेतली, उतरलं. जायच्या दिवशी दशरथ न्यायला आला. ती चपला शोधत होती, जरा वेळ लागला, तर त्यानं वॉर्डातच, सगळ्यांसमोर, तिच्या पाठीत बुक्की घातली. सिस्टरांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून दशरथच्या टाळक्यात घातला. टण्ण आवाज झाला. तो खाली बसला. सिस्टर त्याच्यासमोर वाकल्या, त्याची पापणी उघडली, टॉर्च मारला आणि थंड आवाजात म्हणाल्या, "तीन, तीन. चटकन. काही झालं नाई तुले. पन हिले पुढच्या बारीले काही झालं, तं मी तुले सोडत नाई."

दवाखान्याच्या रजिस्टरात कांताचं पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "ही पोरगी मले वाचवाची हाय, भाऊ. चौथ्या बारीले वेळ नाई भेटणार." त्यांना रोज ती धास्ती होती. येताजाता त्या दशरथच्या दुकानावरून जायच्या, काही नको असताना पावशेर साखर घ्यायच्या, आत कांता चालतीफिरती दिसली की परतायच्या.

दोन हजार साल उलटल्यावर मार्चमध्ये आमच्याकडे मोतीबिंदूचं शिबिर भरलं. अंगणात मांडव, शंभराच्या वर म्हातारी माणसं, ऊन असं की कापडाखालीही डोकं तापावं. तपासायच्या डोळ्यात थेंब टाकायचे. त्यानं बाहुली मोठी होऊन तशीच राहते आणि डॉक्टरांना आतलं दिसतं. कोणत्या डोळ्यात थेंब गेले हे कळावं म्हणून त्या बाजूच्या भुवईवर जांभळ्या औषधाचा ठिपका लावायचा. सिस्टरांचा कायदा होता: जो थेंब टाकीन, त्यानंच ठिपका लावाचा, दुसऱ्यानं नाई. थेंब शेवंता टाकत होती, ठिपकेही तीच लावत होती. पण घामानं ठिपके ओघळत, बायका पदरानं पुसत, आणि आतून डॉक्टर खेकसत, "याच्या डोळ्यात थेंब आहेत की नाहीत? ठिपका कुठाय?"

दुपारी शेवंता जेवायला गेली. मी बसून होतो. म्हटलं, मदत करावी. आपण काय बिनकामाचे नाही! जांभळी बाटली घेतली आणि रांगेतून निघालो. ज्यांचा ठिपका पुसला गेला त्यांच्या डोळ्यात पाहायचं, एक बाहुली मोठी दिसली की त्या भुवईवर ठिपका. सोपं काम. सात-आठ जणांना लावला. रांगेच्या टोकाला एका म्हातारीशेजारी एक बाई मांडवाच्या खांबाला डोकं टेकून बसली होती, पदर नाकापर्यंत. मी पदर वर केला. ती झोपेत असल्यासारखी. उजवी बाहुली मोठी, डावी बारीक. ठिपका नाही. मी लावला. तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. तिशीतल्या बाईला मोतीबिंदू कुठून येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फक्त डोळा पाहिला.

पाच मिनिटांनी सिस्टर त्याच रांगेवरून गेल्या. उन्हानं कुणाला भोवळ आलीय का ते बघत होत्या. खांबाशी वाकलेलं कपाळ तेवढं दिसलं, तोंड पदराआड होतं, आणि कपाळावर जांभळा ठिपका दिसला. ठिपकेवाल्या डोळ्यात त्या टॉर्च मारत नसत, कारण थेंबानं मोठी झालेली बाहुली काही सांगत नाही आणि त्या माणसाला उजेडाचा त्रास मात्र होतो. त्या पुढं गेल्या.

ती कांता होती. शेजारची म्हातारी तिची सासू, शिबिराला आलेली. सकाळी दुकानात दशरथनं दोन किलोचं लोखंडी वजन फेकून मारलं होतं ते हिच्या कानावर बसलं. "मायले घेऊन जा, अन् तोंड उघडशील तं पाह्य," एवढं बोलून त्यानं दोघींना शिबिराला पाठवलं होतं. ती मैलभर चालत आली, सासूला रांगेत बसवलं, आणि मग खांबाला टेकली. रक्त काहीच नव्हतं.

तीनच्या सुमाराला ती खांबावरून घसरून आडवी झाली. सिस्टर धावत आल्या, पदर काढला आणि जो आवाज त्यांच्या घशातून निघाला तो मी विसरू शकत नाही. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडाला दगड. गाडीत मी त्यांच्याबरोबर चढलो. सिस्टर तिचं डोकं मांडीवर घेऊन "कांता, ए कांता, इकडे पाह्य," म्हणत राहिल्या. वर्धा यायच्या आधीच ती गेली. मग सिस्टरांनी बोटाला थुंकी लावून तिच्या भुवईवरचा ठिपका पुसायचा प्रयत्न केला. तो औषधाचा रंग, तो काय पुसणार! माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शेवंतानं कायले थेंब टाकले हिच्या डोळ्यात?"

"शेवंतानं नाही. थेंब नव्हतेच. ठिपका मी लावला," मी म्हणालो. मी रडत होतो. त्या ठिपका पुसतच राहिल्या.

दशरथला पकडलं. तो म्हणाला, मी काही केलं नाही. शिबिरात हिच्या डोळ्यात थेंब टाकले, तिला दिसेनासं झालं, चक्कर आली, मांडवाच्या लोखंडी खांबावर आपटली. कपाळावर ठिपका आहे ना? विचारा त्यांना! सासूनंही तेच सांगितलं. पोलीस बयान घ्यायला आले तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "इंगोले, शिबिराचं नाव खराब व्हायला नको. थेंब टाकलेच असतील. गर्दीत नाव लिहायचं राहून गेलं असेल. हो की नाही?" मी हो म्हणालो. दोन पोरी लग्नाच्या होत्या, आठ वर्षं नोकरी उरली होती. मी बयानावर सही केली. त्या सहीनं दशरथ सुटणार होता, हे मला चांगलं कळत होतं. सिस्टरांचं बयान एवढंच घेतलं की मयत पूर्वी तीनदा आली होती. ठिपक्याचं त्यांना कुणी विचारलंच नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सिस्टरांच्या क्वार्टरवर गेलो. त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, उद्या तुम्हाला ठिपक्याचं विचारलं तर..."

"तं खरं थे सांगीन."

"माझी नोकरी जाईल."

"जाईन."

"खोकल्याच्या औषधाचं तुम्ही कुणाला बोलला नव्हता."

त्यांनी थापलेली भाकरी परातीत आपटली. "थे तुमच्या आंगाचं होतं, भाऊ! हे दुसऱ्याच्या लेकीचं हाय!" मग हात पुसत, जरा खाली येत म्हणाल्या, "तुमची साक्ष माह्या आधी हाय. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगसान तं थे तुमचं राह्यीन. मले सांगा लागलं तं मंग माह्या मनातून तुम्ही उतरसान, अन् मले थे नाई पाहिजे." दोघांत एक भाकरी मोडून मला खाऊ घातली. मी कबूल करून आलो.

आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या कोर्टात आरोपीच्या वकिलानं विचारलं, "मयताच्या डोळ्यात थेंब टाकले होते, म्हणूनच ठिपका लावला, बरोबर?" मी म्हणालो, "हो." शब्द कसा निघाला मला माहीत नाही. छे, माहीत आहे. भीतीनं निघाला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

दुपारी सिस्टर आल्या. आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं. "मी त्या रांगेतून गेली. मले ठिपका दिसला म्हनून मी टॉर्च मारला नाई. मारला असता तं ही बाई वाचली असती. थे माही चूक." मग सरकारी वकिलानं विचारलं, ठिपका कुणी लावला. सिस्टरांनी वळून थेट माझ्याकडे पाहिलं. "इंगोले कंपाउंडरनं. थेंब टाकलेच नव्हते. बाहुली आधीच मोठी होती. त्याच दिवशी, गाडीत, त्यायनं मले सांगितलं."

आरोपीचा वकील उठला. "म्हणजे तुमचे इतक्या वर्षांचे सहकारी शपथेवर खोटं बोलले?"

"हाव."

"आणि तुमच्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"कायले ठेवता? त्यायलेच परत बोलवा. माह्यासमोर नाई बोलणार थे खोटं."

मला परत बोलावलं. त्या पिंजऱ्याच्या शेजारी उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. साहेब केबिनमध्ये काय म्हणाले तेही. सांगताना मला सिस्टरांचा इतका संताप आला होता की हाताशी काही असतं तर मी त्यांना फेकून मारलं असतं. हे मी लिहितोय तेही त्यांच्यामुळेच.

महिन्याभरात मी निलंबित झालो. सिस्टरांनाही सोडलं नाही. निष्काळजीपणाची चौकशी लावली आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली केली. पुढं मला परत घेतलं, खालच्या पगारावर, तिसऱ्याच गावी. मधल्या काळात मी त्यांना पत्र लिहिलं नाही, त्यांनीही नाही. आमची शेवटची भेट निकालाच्या दिवशीची.

दशरथला जन्मठेप झाली. मी का गेलो होतो कोण जाणे. बाहेर कोर्टाच्या आवारात आलो तर कांताची आई समोर. काडीसारखी म्हातारी, नऊवारी, पायात टायरच्या चपला. कोर्टात ऐकलेलं सगळं तिला समजलं होतं. तिनं चपला काढल्या. "तूनं ठिपका लावला. तूनं माह्या पोरीच्या कपाळाले ठिपका लावला!"

माणसं जमली. एक हवालदार पुढं आला. तेवढ्यात सिस्टर कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी हवालदाराला हातानं थांबवलं. मला वाटलं, आता मला सोडवतील. त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "हा द्या इकडे, फुटन," म्हणाल्या, आणि बाजूला सरल्या.

म्हातारीनं मला मारलं. तोंडावर, मानेवर, डोक्यावर, दोन्ही हातांनी. टायरची चपल फार लागते. माझा ओठ फुटला, शर्टावर रक्त आलं. मी हात वर केला नाही. दम लागून ती थांबली, मग सिस्टरांकडे वळली. "अन् तू? तू त गेलती न तिच्या पुढून?"

"हाव माय," सिस्टर म्हणाल्या, आणि खाली मातीत बसल्या, म्हातारीचा हात पोचावा म्हणून. पहिला फटका असा बसला की त्यांचा अंबाडा सुटला. दुसरा कानावर. तिसऱ्याला म्हातारीच्या हातातून चपल गळाली आणि ती सिस्टरांच्या मांडीवर कोसळली. मग दोघीही मोठ्यानं रडायला लागल्या, भर आवारात, लोकांसमोर. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं सिस्टर उठल्या. म्हातारीच्या पायात चपला घातल्या, तिचा हात धरला आणि फाटकाबाहेर गेल्या. हिंगणीची बस उभी होती. मी मागोमाग गेलो, काही तरी बोलायचं होतं. माझा चष्मा त्यांच्याच हातात राहिला होता. बस सुटली. खिडकीत दोन बायका एकमेकींना टेकून बसलेल्या दिसत होत्या, आणि त्यातली मारणारी कोण न् मार खाल्लेली कोण, हे मला तेवढ्या अंतरावरून ओळखता आलं नाही.